समुपदेशक घडवायला ‘इक्विप’: साधन चांगलं, मेहनत तुमची

दोन दिवसांची कार्यशाळा, शेवटी लेखी परीक्षा आणि प्रमाणपत्र: समुपदेशकांचं प्रशिक्षण बऱ्याचदा इथेच संपतं. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात नुसत्या कार्यशाळेतून आलेलं कौशल्य पुढच्या काही महिन्यांत ओसरलं. ज्यांना नंतर स्वतःच्या सत्रांवर अभिप्राय किंवा कोचिंग मिळालं, त्यांचं टिकलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं ‘इक्विप’ हे मोफत ऑनलाइन व्यासपीठ ही उणीव बऱ्यापैकी भरून काढतं.

त्यातलं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे ‘एनॅक्ट’. ठरलेली भूमिका करणाऱ्या ‘क्लायंट’शी प्रशिक्षणार्थी बोलतो आणि परीक्षक १५ कौशल्यं चार पातळ्यांवर तपासतो. आधी दिसलेल्या वर्तनांवर खुणा करायच्या, मग पातळी ठरवायची. घातक वर्तन एकदा जरी दिसलं तरी थेट पहिली पातळी. क्लायंट म्हणाला, “आता जगावंसंच वाटत नाही,” आणि उत्तर आलं, “असं बोलू नये, घरच्यांचा विचार करा,” तर बाकी संवाद कितीही गोड असो, त्या कौशल्यात पहिलीच पातळी. मूलभूत गोष्टी अर्धवट असतील तर दुसरी, सगळ्या जमल्या तर तिसरी, त्यावर प्रगत कौशल्य दिसलं तर चौथी. सरासरी काढून घातक वर्तन झाकायची सोय नाही, हे आम्हाला फार आवडलं.

घोळ होतो तो राबवताना. भूमिका करणारा संहिता सोडून बोलू लागला की एकाला सोपा क्लायंट मिळतो, दुसऱ्याला अवघड. आत्महत्येच्या विचारांचा इशारा संहितेतच नसेल, तर धोका ओळखण्याचं कौशल्य तपासणार कसं? परीक्षक ओळखीचा असला की “एकूण बरा बोलला” म्हणून खुणा न करताच तिसरी पातळी देऊन मोकळा होतो. म्हणून सुरुवातीला दोन परीक्षकांनी एकच रेकॉर्डिंग वेगवेगळं तपासावं आणि जुळत नाही तिथे खुणा समोर ठेवून बोलावं.

‘एनॅक्ट’वरून सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) नीट दिली का, हे मात्र कळत नाही, ते सगळ्या उपचारपद्धतींना लागणारं सामायिक कौशल्य मोजतं. सीबीटीसाठी क्लायंटची लेखी संमती घेऊन खऱ्या सत्राचं रेकॉर्डिंग करा आणि त्यावर सीटीएस-आर ही सीबीटीचं कौशल्य मोजणारी गुणपट्टी लावा: १२ मुद्दे, प्रत्येकी ० ते ६ गुण, ७२ पैकी ३६ला सहसा उत्तीर्ण धरतात.