जुनं पेरणी यंत्र: रोलर ठेवायचे की चकत्या बसवायच्या?

शेडमध्ये गंजत पडलेलं नऊफणी पेरणी यंत्र सोयाबीनसाठी पुन्हा उभं करायचं, तर दोन वाटा आहेत.

पहिली म्हणजे पेटीतलं बियाणं नळ्यांत सोडणारे खाचांचे रोलर तसेच ठेवून डागडुजी. बुशिंग, चेन, नळ्या बदलायच्या आणि फणांची टोकं नवी लावायची. खताच्या पेटीचा तळ मात्र आधी बघा. खत ओल धरतं, पत्रा खातं. बहुतेक यंत्रं तिथूनच मरतात. फणांमधलं अंतर साडेबावीस सेंटीमीटर असेल, तर एकाआड एक फण बंद केला की पाच ओळी ४५ सेंटीमीटरवर येतात. खर्च कमी, गव्हालाही हेच यंत्र चालतं. पण रोलर दाणे मोजत नाही, ओततो. सोयाबीनचं साल नाजूक. अडकलेला दाणा फुटतो आणि फुटलेला दाणा उगवत नाही.

दुसरी वाट तिरप्या चकत्यांची. प्रत्येक खाचेत एकच दाणा, त्यामुळे बियाणं वाचतं, विरळणी टळते. मात्र प्रत्येक ओळीला वेगळी पेटी लागते, पिकागणिक चकती बदलावी लागते आणि ट्रॅक्टर दामटला की खाचा रिकाम्या जातात. जुन्या तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणारा हात घाई करत नसे, तेच इथेही.

माझा कौल चकत्यांना, पण सांगाडा सरळ असेल तरच. वाकलेल्या सांगाड्यावर एक फण उथळ, एक खोल जातो. तिथे चकती काय करणार? गहू-हरभराच जास्त असेल, तर रोलर बरे.

काहीही निवडा, यंत्र उचलून चाक हाताने फिरवा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून बियाणं तोला. मृगाआधी.