ताहितीचा युकुलेले: आवाज भारी, पण सगळ्यांसाठी नाही

हवाईयन युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) वाजवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, हे ताहिती या पॅसिफिक बेटावरचं प्रकरण वेगळंय. पोकळ डबा नाहीच, लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली सलग बॉडी, मधे आरपार भोक जे पुढे रुंद आणि मागे निमुळतं, आणि पुढच्या तोंडावर पातळ लाकडी चकती बसवलेली, तिच्यावरच ब्रिज (तारांना आधार देणारी पट्टी), म्हणून आवाज बँजोसारखा खणखणीत येतो. तारा ८, जोडीजोडीने, त्याही चक्क मासेमारीच्या नायलॉन दोरीच्या 😄 मधल्या दोन जोड्या हवाईयनपेक्षा एक सप्तक वर, त्यामुळे खर्ज जवळपास नाहीच. फास्ट स्ट्रमिंगला (सगळ्या तारा एकत्र झपाझप छेडायला) कमाल, एकेक सूर छेडत निवांत वाजवायला मात्र मला नाही आवडला. ट्युनिंगला वेळ लागतो, जोडीतल्या दोन्ही तारा जुळल्या नाहीत तर लगेच कानाला खटकतं.