जांभळे बोल्ट, १५ ग्रॅम आणि यवतेश्वरचा घाट : १० महिन्यांनंतरचा अनुभव

सायकलच्या डिस्क ब्रेकची चकती चाकाला धरून ठेवणाऱ्या जांभळ्या बोल्टांचा हा रिव्ह्यू खरं तर मी जूनमध्येच लिहून ठेवलेला, पाच स्टार देऊन, खाली "पैसा वसूल" असं पण लिहिलं होतं. टाकायचा राहून गेला ते बरं झालं, नाहीतर आज तोंड लपवायची वेळ आली असती.

गाडी म्हंजे २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), हायड्रॉलिक ब्रेक, पुढं १८० मागं १६० मिमीचा ६ बोल्टवाला रोटर, म्हंजे ब्रेकची चकती. माझं वजन ७८, गाडी १४, पाठीवरची बॅग धरून ९५ धरा.

एप्रिलमध्ये सायकलच्या ग्रुपवर एकाने जांभळ्या बोल्टांचा फोटो टाकला आणि माझं डोकं फिरलं. ७०७५ जातीचं ॲल्युमिनियम, एम५ म्हंजे ५ मिमी जाड, १० मिमी लांब, डोक्यात टी२५ मापाची चांदणी (बीट घालायचा चांदणीच्या आकाराचा खड्डा), १२ नग ४८० रुपये. मी एरवी ट्यूबला सहा पंक्चर होईपर्यंत नवीन न घेणारा माणूस, पण रंग बघून गेलो. आल्यावर इथं साताऱ्यात राजवाड्याजवळच्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर मोजले. एका चाकाचे जुने सहा स्टीलचे बोल्ट ११.९ ग्रॅम, जांभळे सहा ४.३ ग्रॅम. म्हंजे दोन्ही चाकं मिळून १५ ग्रॅमची बचत. त्याच काट्यावर कंदी पेढा ठेवून बघायचा होता पण सोनाराने हात धरला. घरच्या किचनच्या काट्यावर बघितला, पेढा २२ भरला. तिथंच शहाणा व्हायला पाहिजे होतं, नाही झालो.

"फिरतं वजन कमी होतं" हे पण ग्रुपवरचंच ज्ञान. अरे बाबांनो, हे बोल्ट एक्सलपासून २२ मिमीवर बसतात, टायरपासून पार लांब, तिथलं वजन फिरलं काय नि नाही फिरलं काय, काही फरक पडत नाही. एवढंच हलकं करायचं असेल तर टायर बदला.

तर पाच महिने काही झालं नाही. कासला चार वेळा जाऊन आलो, ठोसेघरला दोनदा, पाऊस खाल्ला, चिखल खाल्ला. रंग मात्र ऑगस्टपर्यंत जांभळ्याचा फिकट गुलाबी झाला होता, धुतलेल्या साडीसारखा.

सप्टेंबरात फुलांचा सीझन, रविवार, मी चुकून त्याच दिवशी गेलो. कासहून साताऱ्याला येताना यवतेश्वरचा घाट म्हंजे नुसती गाड्यांची रांग, सोडा दाबा सोडा दाबा, समोर धुकं, अजिंक्यतारा पण दिसत नव्हता. तिसऱ्या वळणापाशी पुढचा ब्रेक दाबला की टक् असा आवाज. मला वाटलं हेडसेट, म्हंजे हँडलखालचं बेअरिंग, ढिला झाला. अजून एक वळण गेलो, टक् टक् झालं आणि लिव्हर दाबल्यावर चाक धरायच्या आधी किंचित पुढं सरकतंय असं हाताला कळलं. थांबलो. बघतो तर सहापैकी एका बोल्टाचं डोकंच नाही, शेजारचे दोन बोटाने फिरतायत, आणि रोटर हबवर, म्हंजे चाकाच्या मधल्या भागावर, हलतोय. कणीस भाजत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "पंक्चर झाली का वं?" मी हो म्हणालो. काय सांगणार त्यांना. तिथून समर्थ मंदिरापर्यंत गाडी ढकलत आणली, क्लीटवाले (पेडलला अडकायची पट्टी तळाला असलेले) बूट घालून, डांबरावर टपाक टपाक करत.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत एका लेथवाल्या काकांकडे हब घेऊन गेलो. तुटलेला बोल्ट काढायला लय खटपट करावी लागेल असं वाटलं होतं, पण डोकं गेल्यावर ताणच राहत नाही, काकांनी टोकदार पोगर लावून हळू ठोकत तो उलटा फिरवून दोन मिनिटांत बाहेर काढला. रडवलं ते दुसऱ्याच एकाने. आख्खा होता, थ्रेडलॉकरने (आट्यांना लावायच्या गोंदाने) घट्ट बसलेला, आणि चांदणीत बीट घालून जोर लावला तर चांदणीच गोल. ॲल्युमिनियम इतकं मऊ की बीट लोण्यात फिरावं तसं फिरलं. शेवटी सोल्डरिंग आयर्नने तापवून थ्रेडलॉकर सैल केला, ब्लेडने डोक्यावर खाच पाडली आणि पेचकसने काढला. काका म्हणाले, "पावनं, ह्यो बोल्ट हाय का चॉकलेटचा कागद?" ३०० रुपये घेतले. हबचे आटे वाचले हे नशीब.

मग त्यांनी तुटलेला तुकडा भिंगाखाली धरून दाखवला. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळपट, त्यावर बारीक बारीक वक्र रेषा, आणि उरलेला भाग ताजा चकचकीत. "ही चीर आजची न्हाय, लय दिवसाची हाय. रोज थोडी थोडी सरकलीय, काल उरलेलं एकदम गेलं." फटीग म्हणतात तो हाच. स्टीलला एक मर्यादा असते, तिच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी ते सहन करतं, ॲल्युमिनियमला तशी ठरावीक मर्यादा नाही, कमी ताण असला तरी दाबणं-सोडणं मोजत बसतं. आणि घाटात त्या दिवशी मी किती वेळा दाबलं-सोडलं ते देवाला माहीत.

रोटर तापतो म्हणून बोल्ट गेला असं एकाने सांगितलं. खाली आल्यावर रोटरवर पाणी टाकलं तर चर्र होतं हे खरंय, पण ती उष्णता रोटरच्या काड्यांतून बोल्टापर्यंत येताना बरीच उतरते. मला पटलं नाही.

घरी येऊन हिशोब केला. अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा) एवढा ब्रेक सगळा पुढच्या चाकावर धरला तर टायरपाशी जोर साधारण ४६५ न्यूटन, म्हंजे ४७ किलो. चाकाची त्रिज्या ३७ सेंमी आणि बोल्टांच्या वर्तुळाची २.२ सेंमी, म्हणून तिथं तोच जोर १७ पट होऊन ८०० किलोच्या आसपास जातो. सहांत वाटला तर एकेका बोल्टावर १३० किलो, अडीच पोती सिमेंट. बोल्ट घट्ट असतील तर रोटर नि हबच्या घर्षणात यातला बराच भार जातो, ढिले झाले की मग थेट बोल्टाच्या मानेवर हातोडे.

विक्रेत्याशी भांडलो ते वेगळंच. "७ दिवसांत रिटर्न होता सर." फोटो पाठवले, तुकड्याचा क्लोजअप पाठवला. उत्तर आलं की पुढच्या खरेदीवर ५० रुपयांचं कूपन देतो. पुढच्या खरेदीवर! मी त्याला लिहिलं की मी मेलो असतो तर कूपन कुणाला दिलं असतंस, तर त्याने स्मायली टाकला.

इथपर्यंत मी एक स्टार देऊन गप्प बसणार होतो. पण खोटं कशाला बोलू. ऑक्टोबरमध्ये मेव्हण्याकडून टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आणला आणि गंमत म्हणून नेहमीसारखा हाताने बोल्ट आवळून मग मोजला. माझ्या हाताचं "जरा घट्ट" म्हंजे ७ न्यूटन-मीटरच्या वर होतं! ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी शिमानो ६ बोल्टच्या रोटरला २ ते ४ सांगतं, स्रॅम ६.२, आणि ते पण त्यांच्या स्टीलच्या बोल्टांना. म्हंजे जांभळ्यांना मी पहिल्या दिवशीच अर्धमेलं करून ठेवलं होतं. वर एकदा आवळल्यावर पाच महिने परत तपासलं नाही. तेव्हा अर्धी चूक माझी, दोन स्टार करतो. तिसरा देणार नाही, कूपनमुळे.

मधे स्टीलचे घेतले, पेठेतल्या सायकलच्या दुकानात १० रुपयाला एक. काळे, रुबाब काही नाही, पहिल्या पावसात डोक्यावर तांबेरा धरला. पण चांदणी खोल आहे. याच्यावर मला बोलायचंय कारण कुणीच बोलत नाही. सगळे ताकद आणि वजन सांगतात, बीट आत किती जातं ते कुणी मोजत नाही. मी व्हर्नियर लावला. स्टीलमध्ये बीट २.४ मिमी आत जातं, जांभळ्यात जेमतेम १.७. डोकं चपटं दिसावं म्हणून खड्डा उथळ ठेवलाय. बोल्ट लावताना कळत नाही, काढताना कळतं, आणि तेव्हा रविवार असतो आणि दुकानं बंद असतात.

हे सगळं होऊन पण दिवाळीत मी टायटॅनियमचे सहा घेतले. हो, हसा. ग्रेड ५, ७२० रुपये, सहांचं वजन ६.८ ग्रॅम. फक्त मागच्या चाकाला लावले, पुढच्याची हिंमत नाही झाली. ताकदीला साध्या ८.८ ग्रेडच्या स्टील बोल्टाच्या तोडीचे, गंजत नाहीत, तीन महिने झाले एकदाही ढिले नाहीत. लावताना एवढंच की आटे चिकटतात, कोरडे घालायचे नाहीत, अँटिसीझ (आटे चिकटू न देणारं ग्रीस) किंवा निळा थ्रेडलॉकर पाहिजेच. चांदणीची खोली २.१. ठीक. पण खरं विचाराल तर ५ ग्रॅमसाठी ७२० रुपये दिले हे बायकोला अजून सांगितलेलं नाही, तिला १२० सांगितलेत.

कॅलिपरच्या, म्हंजे रोटरला चिमटणाऱ्या भागाच्या, एम६ बोल्टांना मी हात लावला नाही, लावणार पण नाही. आता दर रविवारी निघायच्या आधी पुढचे सहा चांदणीच्या क्रमाने ४ न्यूटन-मीटरवर तपासतो, समोरासमोरचे, गोल गोल नाही. दोन मिनिटं लागतात.

जांभळे दहा उरले होते. त्यातले चार, दोन बॉटलकेजला मिळून लावलेत, तिथं झकास दिसतात, बाटलीशिवाय काही लटकत नाही. उरलेले सहा डबीत. आईने परवा त्यातला एक कुकरच्या हँडलला बसतोय का बघितला, आटे जुळले नाहीत.