टीआय प्रकल्प की सीएसआर: एचआयव्हीवर काम करणाऱ्या छोट्या संस्थेने काय घ्यावं?

जिल्ह्याच्या ठिकाणी एचआयव्हीवर काम करणाऱ्या छोट्या संस्थांचे लोक हल्ली भेटले की हेच विचारतात: सरकारी टीआय प्रकल्प (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या गटांत संस्थांमार्फत चालणारं काम) घ्यावा, की एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीमागे, म्हणजे सामाजिक कामासाठी ती देते त्या पैशामागे, लागावं? आम्ही दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत, म्हणून लिहितो. 12ए, 80जी (करसवलतीची नोंदणी) आणि सीएसआर-1 (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) ही कागदपत्रं तुमची झाली आहेत असं धरतो.

परदेशी निधीचा विचार इथे करत नाही. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीला देता येत नाही. मोठ्या संस्थेच्या हाताखाली काम करत हळूहळू उभं राहायची आपल्यासारख्यांची वाट तिथेच बंद झाली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा त्या पैशावर चाललेली कामं देशोदेशी कशी अडली तेही आपण पाहिलं.

वेगाच्या बाबतीत सीएसआर नक्कीच सरस. कंपनीच्या माणसाला काम पटलं की करार होतो आणि रक्कम जमा होते. आर्थिक वर्ष संपत आलं की तर फोन त्यांच्याकडूनच येतात. टीआयचं तसं नाही. मंजूर रक्कम हप्त्याने येते, आधीच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), खर्चाचं विवरण, मूल्यमापन यातून वाट काढत येते. पीअर (त्याच गटातले कार्यकर्ते) आणि ओआरडब्ल्यू (वस्तीत फिरणारे आउटरीच कार्यकर्ते) यांचं दोन-तीन महिन्यांचं मानधन थकलं तरी निभावेल एवढी गंगाजळी गाठीशी नसेल, तर टीआय जड जाईल. शिवाय खर्चाचे शीर्ष ठरलेले. एआरटीवरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं चालू असलेल्या, एखाद्या बाईच्या मुलाची शाळेची फी त्यात कुठेच बसत नाही, सीएसआरमध्ये ती बसवता येते.

मग संस्था बळकट कशाने होते? माझा अनुभव असा की सीएसआरने उपक्रम होतात आणि टीआयने संस्था घडते. टीआयमध्ये हिशेब सांभाळणारा माणूस मंजूर पदावर असतो. कॅशबुक, स्टॉक रजिस्टर, मासिक अहवाल यांची शिस्त लागते. समुपदेशकांना, पीअरना प्रशिक्षण मिळतं. आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाचं केंद्र) आणि एआरटी केंद्राशी रोजचा संबंध येतो, त्यामुळे कोणाची तपासणी राहिली, कोणाच्या गोळ्या सुटल्या हे वेळेवर कळतं. कंपनीचं प्राधान्य पुढच्या वर्षी जलसंधारणाकडे वळू शकतं, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असंही नाही. 2003 मध्ये गेट्स फाउंडेशनने महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केलेला 'आवाहन' कार्यक्रम केवढा मोठा होता! तोही पुढे टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमाकडेच सोपवला गेला.

एवढं सगळं धरूनही आमचं पारडं बराच काळ समसमान होतं. ते झुकलं यादीवरून.

एका कंपनीकडून पोषण आहाराची किट मिळणार होती, एआरटी घेणाऱ्या बायकांसाठी. किट चांगली होती, गरजही होती. वाटपाचा तक्ता आला, त्यात रकाने होते: नाव, पत्ता, मोबाइल, आधार क्रमांक, सही किंवा अंगठा. वर कंपनीचं बोधचिन्ह आणि ठळक अक्षरांत 'एचआयव्हीबाधित लाभार्थी'. सोबत बॅनरपुढे वाटपाचे फोटो हवे होते. आमच्या एका पीअर ताईने तो कागद वाचला आणि म्हणाली, "दादा, ही यादी बाहेर गेली तर उद्या माझ्यासाठी एकही दार उघडणार नाही." आम्ही सुचवलं की सांकेतिक क्रमांक देतो, वाटप झाल्याचा दाखला डॉक्टरांच्या सहीने देतो. समोरचा अधिकारी समजूतदार होता, पण त्याच्या ऑडिटला ते चालणार नव्हतं. आम्ही किट नाकारली. त्या बायकांना मिळू शकणारं अन्न आपण परत पाठवतोय याचं फार वाईट वाटलं, तरी आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो.

एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्याने त्या सुरक्षित ठेवायच्या आहेत. किटच्या बदल्यात घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही. टीआयमध्येही लाइनलिस्ट, म्हणजे एकेका व्यक्तीच्या नोंदीची यादी, असते, त्यात नावं असतात. पण गोपनीयता हा तिथे कामाचाच भाग धरलेला आहे. नोंदी कुलपात ठेवायच्या हे पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात आणि फोटोवाचून आमचा एकही हप्ता अडला नाही. वस्तीतल्या बायकांचा विश्वास हीच आपल्यासारख्या संस्थेची खरी मिळकत. ती पणाला लावून आलेला निधी कितीही मोठा असला तरी मला महाग वाटतो.

सगळ्याच कंपन्या अशा नसतात, हेही नमूद करतो. काहींनी आमच्या अटी एका बैठकीत मान्य केल्या. शहरात तुमचं नाव असेल, अनुभवी व्यवस्थापक असेल, तर सीएसआर तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला मानवेल. आम्ही सध्या टीआय मुख्य ठेवतो आणि कंपन्यांकडून वस्तू मागतो: संगणक, कुलूपबंद कपाटं, समुपदेशनाच्या खोलीला दार आणि पडदे, लेखापालाचं प्रशिक्षण. त्यांच्या बिलावर कोणाचं नाव लागत नाही. माणसांसाठीच निधी घ्यायचा झाला, तर यादी आणि फोटो यांचं कलम करारावर सही करण्याआधी लिहून घ्या आणि त्याचा मसुदा आधी पीअरना वाचायला द्या.