पावणेचारशे लॉक आणि एक जुनी बोट : फ्रान्सच्या कालव्यांवरचे पाच महिने

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टहून निघालो आणि सप्टेंबरअखेर फ्रान्समधल्या ओसेरला बोट बांधली. मी आणि नवरा, आम्ही दोघंच, वयं 58 आणि 61. परत आल्यापासून पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचा एकच प्रश्न चालू आहे, "आम्हाला जमेल का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

बोट 1984 सालची, डच बनावटीची, पोलादी, साडेदहा मीटर लांब. एक डिझेल इंजिन, एक झोपायची केबिन, उभं राहून पोळ्या लाटता येतील एवढा ओटा. विकणाऱ्या दलालाने "इंजिनचं सगळं काम नुकतंच झालंय" असं सांगितलं होतं. आम्ही विश्वास ठेवला आणि पहिल्याच महिन्यात पाण्याचा पंप बदलावा लागला. जुनी बोट घेणार असाल तर ती पाण्याबाहेर काढून, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन, स्वतंत्र तपासनिसाकडून पत्र्याची जाडी मोजून घ्या. इंजिनच्या कामाची बिलं हातात घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.

आमचा मार्ग असा : बेल्जियममधून म्योज नदीने वर, जिव्हेला फ्रान्समध्ये प्रवेश, पुढे व्हर्दां, तूल, मग व्होज कालव्याने एपिनालवरून सोन नदीत, सँ-जाँ-द-लोन या बोटवाल्यांच्या गावापर्यंत. तिथून अख्खा बर्गंडी कालवा चढून-उतरून मिजेन, आणि शेवटी योन नदीने ओसेर. फ्रान्समध्ये शिरल्यापासून पावणेचारशेपेक्षा जरा जास्तच लॉक झाले. लॉक म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारा-उतरवणारा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. वहीत रोजच्या रोज रेघा मारल्या आहेत.

पाच महिन्यांनी ठामपणे सांगण्यासारखी गोष्ट ही की, बेत आखताना नकाशावरचे किलोमीटर बघू नका, लॉक मोजा. कालव्यावर वेगमर्यादा साधारण ताशी 6 ते 8 किलोमीटर. पण खरा वेळ जातो तो लॉकमध्ये. सोन नदीवर एका दिवसात पन्नास किलोमीटर आरामात झाले. बर्गंडी कालव्यावर दिजाँच्या आधी दिवसभर राबून पंधरा झाले, कारण 242 किलोमीटरच्या या कालव्यावर 189 लॉक आहेत. हा आकडा कागदावर वाचून कळत नाही, खांद्यांना कळतो.

चढताना काय होतं ते सांगते. दगडी भिंतींच्या खोल हौदात बोट शिरते. भिंती शेवाळाने हिरव्या, ओल्या, आणि कठडा डोक्याच्याही वर. मागचे दरवाजे बंद होतात. मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला उभी, हातात दोराचा वेटोळा. काठावरच्या लोखंडी खुंटाला तो एका फेकीत अडकायला हवा. मग पुढच्या दरवाज्याच्या झडपा उघडतात, पाणी उकळल्यासारखं उसळत आत येतं आणि बोट मागे रेटली जाते. दोर सैल पडला की लगेच ओढायचा, पण कधीही गाठ मारायची नाही. उतरताना तर गाठ मारलेली बोट दोरावर लटकते. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांवर खूप ओरडलो. "अगं, ओढ ना!" "अरे, इंजिन बंद कर आधी!" जूनपर्यंत शब्दांची गरज उरली नाही. त्याने मान हलवली की मी दोर सोडायचे. लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर एकमेकांचं काहीतरी नवं शिकलो, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

म्योज आणि व्होजवरचे बरेचसे लॉक आपोआप चालतात. सुरुवातीला हातात रिमोट देतात, लांबूनच बटण दाबायचं. बर्गंडीवर माणसं आहेत. एक्लूजिए म्हणजे लॉक चालवणारा, स्कूटरवरून आपल्या पुढे पुढे जाऊन दरवाजे तयार ठेवतो आणि हाताने चक्र फिरवतो. एक दरवाजा त्याने ढकलावा, दुसरा आपण, ही तिथली रीत. बारा वाजले की जेवणाची सुट्टी. तेव्हा घाई करून उपयोग नाही, आपणही कुकर लावावा. एका तरुण एक्लूजिएला पिठलं-पोळी दिली, तर दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या बागेतले टोमॅटो आणून दिले.

या कालव्याचं मर्म मला पुयी गावाशी कळलं. सोनच्या बाजूने 76 लॉक चढलं की समुद्रसपाटीपासून 378 मीटरवर येतो, आणि पलीकडे योनकडे 113 लॉक उतरायचे. मधला डोंगर पोखरून सव्वातीन किलोमीटरहून लांब बोगदा काढला आहे. एका वेळी एकाच दिशेने सोडतात, लाइफ जॅकेट आणि दिवा सक्तीचा. बोगदा सरळ असल्याने पलीकडचं तोंड सुरुवातीपासून ठिपक्यासारखं दिसतं आणि पाऊण तास ते मोठं होतच नाही. आतला गारवा, भिंतीवरून ठिबकणारं पाणी, आपल्याच इंजिनचा घुमणारा आवाज. आम्ही दोघंही एक अक्षर बोललो नाही. पूर्वी बोटी ओढायला इथे तळाशी साखळी टाकलेली होती आणि विजेवर चालणारी टगबोट त्या साखळीवरून स्वतःला ओढत जायची. ती टगबोट गावात जपून ठेवली आहे. तिच्यावरचं छत शिगेरू बान या जपानी वास्तुविशारदाने पुठ्ठ्याच्या नळ्यांवर उभारलं आहे.

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेतीचं आवर्तन डोळ्यांसमोर येतं. इथे कालवा म्हणजे रस्ता. 1879 मध्ये फ्रेसिने या मंत्र्याच्या कायद्याने मुख्य मार्गांवरच्या लॉकचं माप ठरलं, सुमारे 39 मीटर लांब आणि 5.20 मीटर रुंद. त्या मापाचा अडीच मीटर उंचीचा लॉक एकदा रिकामा केला की साधारण पाच लाख लिटर पाणी खाली जातं. ते येतं डोंगरमाथ्याजवळच्या तलावांतून. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात आधी पाण्याची खोली कमी करतात, मग दोन-तीन बोटी जमेपर्यंत थांबवतात, आणि फारच वाईट वेळ आली तर तो टप्पाच बंद करतात. ऑगस्टमध्ये आम्हाला दोनदा अर्धा अर्धा दिवस थांबवलं. तक्रार नाही. पाँतिए तलावाच्या उघड्या पडलेल्या कडा पाहिल्यावर तक्रार करवतही नाही. पण परतीचं तिकीट घट्ट बांधून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा त्रास पाणवनस्पतींचा. इंजिन थंड ठेवणारं पाणी बाहेरून ओढलं जातं. एका दुपारी तापमानाचा काटा चढला, इंजिन बंद करून काठाला लागलो. गाळणीचं झाकण उघडलं तर आत वाटीभर हिरवा लगदा, केसांसारखा गुंतलेला, आणि त्यात एक शिंपला. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी गाळणी साफ करायची हा नियम झाला.

गावांबद्दल किती लिहू! व्हर्दांला बोट अगदी गावाच्या मध्यात बांधता येते. पहिल्या महायुद्धात 1916 मध्ये इथे झालेल्या लढाईतल्या सुमारे 1 लाख 30 हजार अनामिक सैनिकांच्या अस्थी दुओमाँच्या स्मारकात आहेत. खालच्या छोट्या खिडक्यांतून त्या दिसतात. त्या रात्री जेवण गेलं नाही. वाँदनेसला बोट बांधून टेकडीवरच्या शातोनफ किल्ल्यावर पायी गेलो. वरून कालवा चांदीच्या तारेसारखा दिसतो. माँबारहून सायकलने फाँतनेच्या मठात. 1118 मध्ये स्थापन झालेल्या त्या मठाची लोहारशाळा मला चर्चपेक्षाही जास्त आवडली, कारण तिथेही पाण्यावरच काम चालायचं. तोनेरला गावाच्या मध्यावर खडकातून उगवणारा निळा-हिरवा गोल झरा आहे. त्याच्या कडेने बायकांची कपडे धुण्याची जुनी जागा. आमच्या कोकणातल्या गावचं टाकं आठवलं आणि तासभर तिथेच बसून राहिले.

खर्चाचं थोडक्यात. डिझेल तासाला दोन-अडीच लिटर. विजेसह मुक्काम आम्हाला बहुतेक ठिकाणी दहा ते वीस युरोंत पडला आणि कित्येक रात्री काठाला खुंटे ठोकून फुकट राहिलो. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा परवाना बोटीच्या लांबीवर आणि मुदतीवर मिळतो, तो वेगळा.

स्वतःची बोट चालवायला परवाना लागतो आणि जलमार्गाच्या खुणांची परीक्षा द्यावी लागते. भाड्याच्या बोटीला यातलं काही नको, कंपनीच तासाभराचं शिक्षण देते. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचाच, पाच महिन्यांना तो पुरत नाही, हेही धरून चाला. पुण्याहून येणाऱ्यांना मी सांगेन, पहिल्या वेळी मे-जूनमध्ये एक आठवडा भाड्याची बोट घ्या आणि दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त लॉक ठेवू नका. गुडघे दुखत असतील तर बर्गंडी कालवा नकोच, सोन नदी घ्या. रुंद, शांत, लॉक मोजके. सोबत हातमोजे आणा, सुती नाही, रबरी तळव्याचे.

बोट सध्या ओसेरला आहे. पाइपांतलं पाणी काढून टाकलंय, गाद्या उभ्या करून ठेवल्यात. एप्रिलमध्ये तिथूनच निव्हर्ने कालव्याला लागायचं आहे. त्याच्या लॉकची यादी नवऱ्याने भिंतीवर लावलीसुद्धा.