फोंड्यातला गिटारचा क्लास, सात महिन्यांनंतर

गोव्यात फोंड्याला गिटार कुठे शिकवतात, मोठ्या माणसांना घेतात का, असं हल्ली खूप जण विचारतात म्हणून एकदा सविस्तरच लिहून टाकते. मी गेल्या जूनपासून तिस्कजवळ एका सरांकडे जाते. पाटी नाही, जाहिरात नाही, राहत्या घरातच वरच्या मजल्यावर एक खोली आहे आणि सरांना आपलं नाव असं ऑनलाइन टाकलेलं आवडत नाही म्हणून टाकत नाही, पण तिस्कला गिटारवाले सर कुठे राहतात विचारलंत तर कोणीही घर दाखवेल. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी साडेपाच, पाऊण तास, महिन्याला १,५०० रुपये, एका बॅचला पाचच जण. आमच्या बॅचमध्ये फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन मुली, एक दहावीतला मुलगा, कदंब बसचे एक कंडक्टर आणि मी, वय ४१.

पैसे वसूल होतात का, तर हो, अगदी पूर्ण. आणि ते मुख्यतः एका गोष्टीमुळे, सर आधी उजवा हात तयार करून घेतात, डाव्या हाताकडे मग वळतात.

क्लासच्या आधी तीन महिने मी घरीच यूट्यूबवर बघून शिकत होते. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, येत होते, ई मायनर आला, जी आला, सी वेळ लागला पण आला, आणि तरी गाणं म्हणून काही उभं राहीना. सगळ्या व्हिडिओंखाली ती एक ओळ असतेच, डाउन डाउन अप अप डाउन अप (डाउन म्हणजे तारांवरून हात खाली, अप म्हणजे वर). मी ती वाचून तसंच वाजवायचे आणि दर वेळी मध्येच अडखळायचे. कारण ओळीत शब्द सहा आहेत आणि मी ते सहाही सारख्या अंतराने वाजवत होते. खरं म्हणजे त्या पॅटर्नमध्ये जागा आठ आहेत, त्यातल्या दोन मोकळ्या, आणि त्या मोकळ्या जागा नुसत्या ओळीत दिसतच नाहीत. एवढी साधी गोष्ट, तीन महिने मला कळली नव्हती आणि सरांनी पहिल्या दहा मिनिटांत दाखवली.

पहिल्या दिवशी कॉर्ड नाहीच. डावा हात तारांवर नुसता आडवा टेकवायचा, दाबायचं नाही, म्हणजे सूर निघत नाही आणि फक्त खट खट आवाज येतो. मोबाईलवर मेट्रोनोम लावायचा, मिनिटाला ६० ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला हात खाली. पहिले दोन क्लास एवढंच. मग ठोक्याला खाली आणि दोन ठोक्यांच्या मधे वर, तोंडाने एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि असं मोठ्याने म्हणत. मनगट एकदम सैल, हात धुतल्यावर पाणी झटकतो ना तसं. खाली येताना सगळ्या तारा लागल्या तर चालतं पण वर जाताना फक्त खालच्या बारीक तीन-चार तारा लागू द्यायच्या, सहाच्या सहा ओढायला गेलं की पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) अडकतो आणि हात जड होतो. हे सगळं व्हिडिओत सांगतातही, पण आपलं मनगट आवळलंय हे व्हिडिओला दिसत नाही, सर शेजारी बसतात आणि खांद्याला हात लावून सांगतात की हे इथे घट्ट झालंय, सोड.

सरांचं एक वाक्य आता आमच्या सगळ्यांच्या कानात बसलंय, "हात थांबयनाका", म्हणजे कोकणीत हात थांबवू नका. तारेला लागो न लागो, हात खाली-वर चालूच राहिला पाहिजे, ठोक्यावर खाली आणि मधल्या 'आणि'ला वर, कधीच उलटं नाही. पॅटर्न म्हणजे फक्त कुठे तारेला लागायचं आणि कुठे तारेवरून नुसतं निघून जायचं एवढंच. हे एकदा पटलं की नवीन पॅटर्न पाठ करायची गरजच कमी होते. आम्हाला त्यांनी क्रमाने दिले, आधी चारही डाउन, मग आठ डाउन-अप, मग डाउन, डाउन-अप, डाउन, डाउन-अप, म्हणजे एक, दोन आणि, तीन, चार आणि. याच्यावर आम्ही जवळजवळ महिना काढला आणि साधी गाणी निम्मी तरी याच्यावरच निघतात.

आणि मग तो डाउन डाउन अप अप डाउन अप आला. आता इथे मला जे सापडलं ते खास मराठी लोकांसाठी लिहिते कारण आपल्याकडे हे आधीपासूनच आहे. माझे बाबा म्हार्दोळला भजनात तबला वाजवायचे, त्यामुळे केरवा हा ताल कानात लहानपणापासून. धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा, पहिलीवर सम (तालाची सुरुवात), पाचवीवर खाली (टाळी न देण्याची मात्रा). एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि, हे पण मोजलं तर आठच. मग मी वहीत दोन्ही एकाखाली एक लिहिलं आणि बघते तर त्या पॅटर्नमध्ये तारेला लागायचं ते पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेला. मोकळ्या राहतात दुसरी आणि पाचवी. दुसरीचा काही त्रास नसतो, सगळे अडकतात ते पाचवीवर, मेट्रोनोमचा तिसरा ठोका, तिथे हात खाली तर येतो पण तारेला लागायचं नाही. आणि पाचवी म्हणजे नेमकी केरव्याची खाली! हातावर ताल धरताना खालीच्या मात्रेला आपण टाळी देत नाही पण हात तर फिरवतोच ना, हात थांबला की ताल सुटतो. सर सहा आठवडे जे सांगत होते तेच हे.

पुढच्या मंगळवारी मी सरांना हे दाखवलं. ते लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेले, तबल्याशी संबंध नाही, पण त्यांनी मला तीन वेळा बोल म्हणायला लावले, स्वतः गिटार घेऊन बोलांवर तो पॅटर्न वाजवला आणि मग सगळ्या बॅचला गिटार खाली ठेवून टाळी-खाली धरायला लावलं. कंडक्टर काका स्वतः घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवतात, चतुर्थीला त्यांच्या वाड्यावर आरत्यांना तेच असतात, त्यांना ते क्षणात कळलं. महिनाभर अडलेला पॅटर्न त्यांचा त्या एका संध्याकाळी सुटला. मुलींना एक आठवडा जास्त लागला. चांगला शिक्षक म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं, विद्यार्थ्याकडून आलेली गोष्ट त्यांनी लगेच आपल्या शिकवण्यात घेतली आणि आता नवीन बॅचलाही ते टाळी-खालीवरच सांगतात.

दादऱ्याचंही, म्हणजे सहा मात्रांच्या तालाचंही, तसंच. सरांनी सहाच्या मोजणीसाठी दुलपद हा गोव्याचा गाण्याचा प्रकार घेतला, तो ६/८ मध्ये असतो, सहा सारखे ठोके आणि जोर पहिल्यावर आणि चौथ्यावर. धा धि ना, धा ती ना म्हणत वाजवलं की जोर बरोबर जागेवर पडतो. तीनच्या मोजणीचा वेगळा, डाउन, डाउन-अप, डाउन-अप. तो सोपा आहे, दोन दिवसांत येतो.

कॉर्ड बदलताना हात थांबतो ही सगळ्यांचीच तक्रार. त्यावर सरांनी जी युक्ती दिली ती मी कुठेच ऐकली नव्हती. शेवटची जी मात्रा, चारच्या नंतरचा 'आणि', तिथला अप-स्ट्रोक मोकळ्या तारांवर वाजला तरी चालतो. म्हणजे तेवढ्या वेळात डाव्या हाताची बोटं उचलून पुढच्या कॉर्डवर न्यायची, उजवा हात मात्र आपला वर जाणारच. ऐकणाऱ्याला खटकत नाही. मला आधी हे चुकीचं वाटायचं, पण नीट ऐकलं तर चांगले चांगले वाजवणारेही हेच करतात. दुसरं म्हणजे कोणत्या कॉर्डला कुठून सुरुवात, ई आणि जी ला सहाही तारा, ए आणि सी ला पाचवीपासून, डी ला फक्त खालच्या चार. डी ला जाडी सहावी तार लागली की सगळा कॉर्ड गढूळ होतो.

जुलैमध्ये एकदा क्लास चालू असताना लाइट गेली, बाहेर धो धो पाऊस, सरांनी मेणबत्ती शोधली नाही, म्हणाले वाजवत राहा. वीस मिनिटं आम्ही काळोखात फक्त ई मायनर आणि तो एक पॅटर्न वाजवला. बघायला काही नव्हतं त्यामुळे पाच जणांचे हात आपोआप एकत्र आले. सात महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता क्लास तो.

गिटारबद्दल. माझी पहिली ऑनलाइन मागवलेली, कंपनीचं नाव लिहीत नाही, तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) चार मिलिमीटरच्या वर अंतर. दाबून बोटं सुजायची आणि मला वाटायचं असंच असतं. सरांनी ब्रिजवरची पांढरी पट्टी घासून आणि मानेतला रॉड किंचित फिरवून ते अडीचवर आणलं, जाड १२ नंबरच्या तारा काढून बारीक १० च्या घातल्या, वेगळीच गिटार झाली. याचे त्यांनी फक्त तारांचे पैसे घेतले. म्हणून नवीन येणाऱ्यांना एकच विनंती, आधी गिटार घेऊ नका. पहिला महिना सर आपली गिटार वापरायला देतात, मग त्यांना दाखवूनच घ्या.

पिक सुरुवातीला पातळ घ्या. ०.४६ किंवा ०.६० मिलिमीटर, वाकतो त्यामुळे तारेत अडकत नाही. मी आता ०.७३ वर आलेय. डनलॉपचे टॉर्टेक्स येतात त्यात रंगावरून जाडी कळते, नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८. हे टॉर्टेक्स नाव आलंय टॉर्टॉइजशेलवरून, पूर्वी पिक खऱ्या कासवाच्या पाठीपासून करायचे, त्याचा व्यापार बंद झाला आणि ही प्लास्टिकची आली. आपल्याकडे मोरजीला आणि गालजीबागला किनाऱ्यावर कासवांची घरटी राखतात, ते बघून आलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

पावसाळ्यात एक काळजी घ्यायची, आपल्या हवेत स्टीलच्या तारा फार लवकर गंजतात. वाजवून झालं की सुक्या कपड्याने प्रत्येक तार पुसायची आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. गिटार भिंतीला टेकवून ठेवायची नाही, ओल येते.

आता जे आवडलं नाही ते. नोव्हेंबर ते जानेवारी लग्नांचा आणि चर्चच्या फेस्तांचा सीझन, सर बँडमध्ये वाजवतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये आमचे तीन क्लास बुडाले आणि त्याची भरपाई झाली नाही, फी मात्र पूर्ण घेतली. मी स्पष्ट बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, पण पुढे काय ठरलं नाही. दुसरं, लिहून काहीच देत नाहीत. सगळं तोंडी, आपण वहीत उतरवलं तर उतरवलं, एक क्लास चुकला की मागे पडतो. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलेखन) हवं असेल, परीक्षा द्यायच्या असतील तर इथे येऊन उपयोग नाही, त्यासाठी पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. बोटांनी तार छेडायचं ते सहा महिन्यांच्या आत शिकवत नाहीत, मला चाललं पण दहावीतला मुलगा त्यासाठीच आला होता, तो कंटाळलाय. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल. चारचाकी उभी करायला जागा नाही, मी बसनेच जाते.

रियाज किती लागतो, तर मी रोज वीस मिनिटं करते, रात्री जेवणं झाल्यावर. त्यातली दहा मिनिटं अजूनही तारा बंद करून नुसतं खट खट, मेट्रोनोम आता ९० वर. वाढवताना पाच-पाचनेच वाढवायचा, आणि एका वेगावर दोन मिनिटं सलग हात न थांबता गेलं तरच पुढे. गेल्या चतुर्थीला, म्हणजे क्लास लागून जेमतेम तीन महिने, घरी आरतीनंतर चुलत दिराने घुमट घेतलं आणि मी फक्त दोन कॉर्डवर त्याच्याबरोबर पंधरा मिनिटं वाजवलं. बाबा समोर बसून हातावर ताल धरत होते, खालीला त्यांचा हात आणि माझा हात एकदम फिरत होता.

नवीन बॅच फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतेय, दोन जागा आहेत असं परवा सर म्हणाले. आधी संध्याकाळी पाचच्या सुमारास जाऊन भेटा, फोन ते वाजवत असताना उचलत नाहीत. पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन जा आणि डाव्या हाताची नखं घरूनच कापून जा.