नोस्फेरातू १९२२, १९७९ की २०२४: आधी कोणता पाहावा?

‘नोस्फेरातू’ ही रक्तपिपासू काउंटची (सरदाराची) एकच गोष्ट तीन दिग्दर्शकांनी पडद्यावर सांगितली आहे: एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने १९२२ साली, वर्नर हर्झॉगने १९७९ साली आणि रॉबर्ट एगर्सने २०२४ साली. एकच पाहायचा असेल तर आमचं मत १९२२ च्या मूकपटाला. पाहून परीक्षण लिहिणार असाल, तर त्यासाठीच्या सूचनाही खाली आहेत. मात्र चित्रपटाआधी त्याची प्रत निवडा. तो कंटाळवाणा किंवा हास्यास्पद वाटला, असं म्हणणाऱ्या अनेकांच्या हाती वाईट प्रत पडलेली असते.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेताच तो काढला होता. स्टोकरच्या पत्नीने खटला भरला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितलं. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या, पण त्यांत बरीच कापाकापी झाली. मूकपटातल्या मजकुराच्या पाट्यांवर काउंटचं नाव ऑर्लोकऐवजी ड्रॅक्युला दिसलं, तर ती अशीच बदललेली प्रत समजा.

त्याहून मोठं नुकसान होतं रंगछटा गेल्यामुळे. रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून त्यांना निळी छटा दिली होती. छटा नसलेल्या कृष्णधवल प्रतीत काउंट भर उन्हात शवपेटी घेऊन चाललेला दिसतो. आणि सूर्यप्रकाशाने पिशाच्च मरतं हा नियम तर याच चित्रपटाने रूढ केला. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो! मग वेग. सेकंदाला सुमारे १८ चौकटींनी चालायची फिल्म २४ ने चालवली की माणसं तुरुतुरु पळतात. २००६ ची पुनर्संचयित आवृत्ती शोधा: छटा आहेत, हान्स एर्डमानच्या मूळ संगीतावर आधारलेलं पार्श्वसंगीत आहे, कालावधी सुमारे ९४ मिनिटं. कालावधी तासाभराचाच लिहिला असेल तर ती प्रत सोडून द्या. फक्त काउंटच्या बग्गीचा झपाटलेला वेग आणि निगेटिव्हमध्ये (काळ्याचं पांढरं करून) उजळलेलं जंगल हे मुद्दाम केलेलं आहे. परीक्षणात त्याला दोष म्हणू नका.

मूकपट जमतच नसेल तर १९७९ चा घ्या. रंगीत, १०७ मिनिटांचा. तो जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला. जर्मन आवृत्ती सबटायटलसह पाहा, तीत संवाद सहज वाटतात. दचकवणारे प्रसंग शोधाल तर निराश व्हाल. इथे क्लाउस किन्स्कीचा काउंट जगण्यालाच कंटाळलेला आहे, आणि चौकात उंदरांच्या गराड्यात जेवायला बसलेली प्लेगग्रस्त माणसं कुठल्याही सुळ्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात. लिहिताना एक सांभाळा: हर्झॉगने ड्रॅक्युला, जोनाथन हार्कर ही कादंबरीतली नावं परत आणली, पण जोनाथनची बायको इथे लूसी आहे, मीना नव्हे.

२०२४ चा चित्रपटगृहात ज्या ताकदीने भिडतो, तसा फोनवर अजिबात नाही. ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेले त्याचे रात्रीचे प्रसंग जवळजवळ रंगहीन आहेत. दिवे चालू ठेवलेत तर नुसते काळे डाग दिसतील. खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्हीवर सिनेमा मोड लावा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. आवाजाची सोयही चांगली हवी, कारण बिल स्कार्सगार्डच्या ऑर्लोकची अर्धी दहशत त्याच्या खर्जातल्या आवाजात आहे. गोष्टीचा केंद्रबिंदू इथे पहिल्या दृश्यापासून नायिका एलेन आहे, ही एगर्सची सर्वात मोलाची भर. उत्तरार्धात मात्र पात्रं जरा जास्तच समजावून सांगतात. रक्तपात, लैंगिक दृश्यं आणि मुलांवरचे हल्ले थेट दाखवलेले आहेत. मुलांसोबत पाहायचा हा चित्रपट नाही.

तिन्ही पाहून लिहिणार असाल तर १९२२, १९७९, २०२४ हा क्रम ठेवा. कोणता जास्त घाबरवतो यावर अडकू नका, सावल्या ताडून पाहा. मुर्नाऊकडे जिना चढणारी सावली एका घरापुरती आहे, एगर्सकडे हाताची सावली अख्ख्या गावावरून सरकते. परीक्षणात कोणती आवृत्ती पाहिली, तिचा कालावधी आणि भाषा हे पहिल्या परिच्छेदातच लिहा; नाहीतर वाचणारा भलतीच प्रत लावून बसेल.